मला पोटातलं दिसत नाही

मित्रांनो, मी पुण्याच्या विमानतळावरचा एक बॉडी स्कॅनर आहे. मला जुना म्हणावं एवढं माझं वय नाही. पण दिवसभर माणसं समोर येऊन हात वर करून उभी राहतात, त्यामुळे मी स्वतःला उगाच पोक्त समजू लागलो आहे.

एका परदेशी कारखान्यात माझा जन्म झाला. इथे आणल्यावर साहेबांनी मला हार घातला, नारळ फोडला, आणि पहिल्याच तपासणीत मी साहेबांच्याच खिशातली प्रसादाची पुडी पकडली. फार कौतुक झालं. पुढे मी घामेजलेल्या पाठी, दुमडलेल्या बाह्या, जाड शिवणी असं सगळंच पकडू लागलो. कौतुक ओसरलं.

माझं काम तसं साधं आहे. माझ्या लहरी फार क्षीण. त्या कपड्यांतून जातात आणि कातडीवरून परत फिरतात. आत शिरत नाहीत. कपड्याखाली काही निराळं वाटलं, की पडद्यावरच्या बाहुल्याच्या अंगावर मी तिथे पिवळा चौकोन काढतो. ते काय आहे हे मला कळत नाही. कुठे आहे एवढंच कळतं.

एके दिवशी धायरीच्या बायडाबाई नऊवारी नेसून आल्या. सोबत सहा महिन्यांची गरोदर सून, संस्कृती. दोघी हैदराबादला, बायडाबाईंच्या मुलाकडे निघाल्या होत्या. संस्कृतीने मघाशीच, मोबाइल पोटावर टेकवून, माझ्या लहरी बाळाला किती घातक असतात ते वाचलं होतं.

"मी ह्यातून जाणार नाही," ती म्हणाली.

"धोका काही नाही, ताई. पण नको असेल तर हाताने तपासते," सुरक्षा रक्षक निकिता म्हणाली.

"थांब, आदी मी जाते," बायडाबाई म्हणाल्या. "काय व्हायचं ते मला हुंदे."

डोळे मिटून त्या उभ्या राहिल्या. मी बाहुल्याच्या पोटावर पिवळा चौकोन काढला. डोळे उघडून त्यांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला.

निकिताने दोघींना पडद्याआड नेऊन हाताने तपासलं. "काही नाही, आजी. लुगड्याच्या घड्या आहेत."

"घड्यांना दुखतं व्हय?"

मागे रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो आजी, विमान म्हणजे एसटी नव्हे, हात दाखवला की थांबायला."

संस्कृतीने तिकडे पाहिलंही नाही. "आई, पोटात दुखतंय? कधीपासून?"

"दिवाळीपास्नं. तुझं असलं नाजूक, त्यात माझं कुठं काढत बसू?"

"मला सांगायचं तरी!"

"आता सांगितलं की ह्यानं."

मी काहीही सांगितलं नव्हतं! मी घड्या पाहिल्या होत्या, निव्वळ घड्या. पण ओरडायला मला तोंड नाही.

"उतरलं की घरी नाही जायचं. आधी डॉक्टर," संस्कृती म्हणाली.

"मशीनच म्हनतंय म्हनल्यावर जायालाच पायजे," बायडाबाई म्हणाल्या, आणि सुनेचा हात धरून गेल्या. डॉक्टर काय म्हणाले, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तेव्हापासून मला चैन नाही. माझी चूक त्यांच्या कामी आली असेल, तर मी खूश व्हावं की ओशाळावं?

तेही एक वेळ चाललं असतं. पण काल एक बाई आल्या. रांगेत सारखा पोटावर हात. साडी चापूनचोपून नेसलेली, एकही घडी जागा सोडून नाही. मी हिरवा दिवा दाखवला. त्यांचे यजमान संपतराव पडद्याकडे बोट करून म्हणाले, "बघितलंस? सगळं ठीक आहे. उगाच कुरकुरत असतेस."

बाई हसल्या. पोटावरचा हात त्यांनी काढला, पर्स उचलली आणि विमानाकडे निघाल्या.

मित्रांनो, अशी कुणी तुमच्या घरी असेल तर तिला थांबवा आणि विचारा. मला हाक मारता येत नाही.