आगळाची पिठी

"गुठळ्या झाल्या का हो?" बाहेरच्या खोलीतून कमलने विचारलं.

"नाय गो," म्हणत जयवंतने पळीच्या पाठीने दोन गुठळ्या टोपाच्या कडेला गुपचूप चिरडल्या.

काळाचौकीच्या त्या दोन खोल्यांवर सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता. परवाच कमलचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आठवडाभर गॅसजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून डोंबिवलीहून लेक, दर्शना, आईला घेऊन जायला आली होती. तिचं चुकत नव्हतं. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केलेल्या जयवंतला चहापलीकडे काही येत नाही, हे साऱ्या मजल्याला ठाऊक होतं. पण मघाशी दर्शना आईच्या साड्या बॅगेत भरायला लागली तसा तो पुढे झाला. कमलशिवाय ही खोली त्याला नको होती.

"थांब. आज कुळथाची पिठी मी करतो. जमली तर आई इथेच राहील," तो बोलून बसला.

"बाबा, तुम्ही? ऑनलाइन मागवते ना काहीतरी."

"अशा पावसात मला पिठी-भातच होया," कमल म्हणाली आणि खाटेवर बसून सूचना द्यायला लागली.

कांदा चिरताना जयवंत रडला, लसूण ठेचताना त्याने अंगठा ठेचला. फोडणीचा वास बाहेर गेला तशी कमलने हनुवटी वर केली. "लसूण लाल झाली. पाणी घाला." मोटरच्या नुसत्या आवाजावरून तो बिघाड सांगायचा, ही वासावरून सांगत होती. जयवंतला तिचं फार कौतुक वाटलं.

कुळथाचं पीठ शिजलं, मीठ पडलं. आंबटाला आमसुलाची सोलं घालायला गेला तर डबा रिकामा. विचारायचं तर पुन्हा हसं व्हायचं. फळीवर गावाहून आलेल्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली होती, त्यातलं त्याने अर्धी वाटी ओतलं. आगळात मुळातच भरपूर मीठ असतं, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. साठी उलटलेल्या जयवंतच्या मात्र ते ध्यानात आलं नाही.

पहिल्याच घासाला दर्शनाला ठसका लागला. "बाबा! खारट किती!"

जयवंतने बोटाने चाखून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ऱ्हाव दे कमल. तू जा. पोरीकडे नीट जेवशील तरी." हे तो मनापासून बोलला, म्हणूनच त्याला ते जड गेलं.

कमलने काळा चष्मा सावरत पिठीचा वास घेतला आणि ताट पुढे केलं. "भात घाला अजून. भरपूर घाला. सोलं नव्हती म्हणून आगळ घातलंत ना?"

"हो."

"मग वर मीठ कशाला ओ?" आणि ती अशी हसत सुटली की दर्शना ओरडली, "आई, डोळ्याला ताण पडेल!"

"पडूंदे. दर्शना, मी नाय येत. ह्यांका एवढा पण म्हायत नाय. आठ दिवस मी नसले तर हे काय खातील?"

"अगं, पण तुझी पथ्यं..."

"तोंड चालतंय ना माझं? बसून सांगेन."

दर्शनाने थोडी कुरकुर केली आणि बॅगेतल्या साड्या काढून पुन्हा कपाटात रचल्या. कमलने पिठी-भात कालवून मोठा घास घेतला. "उद्या सोलं आणा. आणि बसा आता तुम्ही पण, गरम आहे तोवर."

"तू जेव आधी," म्हणत जयवंत भाताचा टोप घेऊन तिच्या शेजारी उभाच राहिला.