चार करवंट्या आणि एक घमेलं

मिसी पहिल्यांदा चालला तो बुधवारी सकाळी, डुकराच्या पिल्लामागे.

सिओसाया अंगणात विलायती फणसाच्या मोठ्या झाडाखाली नारळ सोलत होता. समोर त्याचा अकरा महिने तीन आठवड्यांचा मुलगा ओल्या मातीत बसून उकडलेल्या सुरणाचा तुकडा चोखत होता. कुंपणाच्या फटीतून तपकिरी पिल्लू आलं, त्यानं तो तुकडा अलगद उचलला आणि चालतं झालं. मिसीनं पिल्लाकडे पाहिलं, मग रिकाम्या मुठीकडे. अन्याय त्याला सहन झाला नाही. तो उठला. एक, दोन, तीन, चार पावलं टाकली आणि पाचव्याला धप्पकन बसला.

अशा वेळी बापानं आनंदानं ओरडावं. सिओसाया ओरडला, "देवा, आज नको रे!"

खिडकीतून त्याच्या बायकोचं, लोसाचं, डोकं बाहेर आलं. "चालला ना?"

"नाही."

"सिओ, मी डोळ्यांनी पाहिलं."

"तू काहीही पाहिलेलं नाहीस!"

"अरे, मी आई आहे त्याची."

"आणि मी भाऊ आहे तिचा!"

ती म्हणजे कालोलाईन, सिओसायाची थोरली बहीण, मिसीची आत्या. राहायची राजधानीत, नुकुआलोफाला. त्यांच्या वावाऊ बेटाहून तिथं जायला बोटीनं अख्खी रात्र जाते, पण तिचा आवाज बोटीशिवायही पोचायचा. टोंगाच्या बेटांवर आत्याला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय. बाळाचं नाव तिनंच ठेवलं होतं, तीन पणजोबांची नावं एकापुढे एक जोडून. ते पुरतं उच्चारेपर्यंत मूल रांगत दुसऱ्या खोलीत जायचं, म्हणून घरचे नुसतं मिसी म्हणत. पहिल्या वाढदिवसाला उंच आसन तिचं, उत्तमातल्या उत्तम चटया तिच्या, केकसुद्धा आधी तिच्यापुढे जाणार. हे सगळं ठीक. पण महिन्यापूर्वी ती फोनवर म्हणाली होती, "मी येईपर्यंत पोराला चालू द्यायचं नाही. पहिलं पाऊल माझ्या हातात पडलं पाहिजे. प्रार्थनेच्या मंडळात चाळीस बायकांना सांगून बसलेय मी. ठरलं?"

सिओसाया म्हणाला होता, "हो ताई." दुसरं काय म्हणणार? बहिणीशी वाद घालायचा नाही, थट्टा करायची नाही, एका चटईवर बसायचं नाही, समोर असली तर बोलायचं तेही तिसऱ्याच्या तोंडून, हे त्याला बोलता येण्याआधीच शिकवलेलं होतं. आणि खोटं तर बोलायचंच नाही. शब्द दिला होता. वाढदिवस सोमवारी, ताईची बोट शनिवारी, आणि कार्ट्यानं बुधवारीच घोळ घालून ठेवला.

ओल्या मातीत चार इवलीशी पावलं उमटली होती. अंगठ्यासकट. पायानं पुसून टाकायची म्हणून तो उठला, पाय उचललासुद्धा, पण खाली टेकवेना. शेवटी त्यानं चार मोठ्या करवंट्या आणल्या आणि एकेका पावलावर एकेक पालथी घातली. मिसी जिथं बसला होता तिथं गोल खड्डा पडला होता. त्यावर घमेलं.

"माझं घमेलं!" लोसा म्हणाली.

"सोमवारपर्यंत हात लावायचा नाही."

एवढ्यात आजोबा आले. तानिएला आजोबा, सिओसायाचे वडील, देवळातल्या गायकांचे म्होरके. पहिल्या पावलाचा विषय निघाला की त्यांना थांबवणं अवघड होतं. "पहिलं पाऊल कसं असतं ते मला विचारा. हा सिओसाया. गायकांची तालीम चाललेली. दुसऱ्या कडव्याला मी हात उचलला, आणि हा उठून माझ्याकडे चालत आला. तालात, बरं का! सम सोडली नाही पठ्ठ्यानं!" ही गोष्ट ते तेहतीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक शनिवारी कावाच्या, म्हणजे मुळांच्या पेयाच्या, वाडग्याभोवती सांगत आले होते. सुरुवातीला तिच्यात तीन पावलं होती. हल्ली अकरा झाली होती.

"बाबा, ते राहू द्या. याला चालणं विसरायला कसं लावायचं ते सांगा."

आजोबांनी डोळे मिटून विचार केला. "मूल बघून शिकतं. आपण चालतो म्हणून ते चालतं. आपण चालायचं बंद करू."

म्हणून गुरुवारी घरातली सगळी माणसं रांगत होती. आजोबा पुढे, त्यांच्यामागे सिओसाया, आणि सगळ्यांत मागे लोसा. "माझ्या आईला सांगितलं होतं लोकांनी, या घरात मुलगी देऊ नका म्हणून," असं ती पुटपुटत होती. मिसी मधोमध बसून हे नवल बघत होता. तेवढ्यात दारात धर्मगुरूंची बायको उभी राहिली, काखेत वाढदिवसाची चटई घेऊन.

"अगंबाई! काय शोधताय?"

"सुई," लोसा पटकन म्हणाली.

"अय्या, लेकराच्या पायात गेली म्हणजे?" आणि ती भली बाई चटई टाकून गुडघ्यांवर आली. अर्धा तास चौघं रांगली. शेवटी तिनं कपाटाखालून खरंच एक सुई काढली, देवाचे आभार मानले आणि कंबर धरून घरी गेली. इकडे मिसीला हा खेळ इतका आवडला की नीट दिसावं म्हणून तो आजोबांचा कान धरून उभा राहिला आणि त्यांच्या पाठीमागून सहा पावलं चालला.

शुक्रवारी उपाय बदलला. देवळात जाताना कमरेला चटई गुंडाळतात, ताओवाला म्हणतात तिला. सिओसायानं स्वतःच्या लहानपणची जाड, कडक चटई शोधली आणि मिसीला काखेपासून घोट्यापर्यंत त्यात गुंडाळून वरून दोरी बांधली. आता पाय हलेनात. मिसी खांबासारखा उभा राहिला, खांबासारखा आडवा झाला आणि गडगडत दारापर्यंत गेला.

"गडगडू दे," सिओसाया म्हणाला. "गडगडण्याबद्दल ताई काही बोलली नव्हती."

शनिवारी बोट आली. कालोलाईन धक्क्यावर उतरली ती मोठी टोपी, दोन टोपल्या आणि शंभर माणसांत ऐकू जाईल असा आवाज घेऊन. बाळाच्या गालाला नाक लावून तिनं एवढा दीर्घ श्वास घेतला की मिसीचे केस हलले. घरी येताच तिनं चटई सोडली, त्याला उभं केलं, चार हात अंतरावर बसून दोन्ही बाहू पसरले आणि त्याला पूर्ण नावानं हाक मारली.

नाव संपेपर्यंत मिसी खाली बसला होता.

पुन्हा उभा केला, पुन्हा बसला. मग असा सज्जनपणे रांगू लागला, जणू पाय नावाची वस्तू त्याला ठाऊकच नाही. सिओसाया बाहेर ओट्यावर पाठ करून बसला होता. तीन दिवस ज्यासाठी देवाला साकडं घातलं ते असं पदरात पडलं, आणि त्याला मागे वळून बघवेना.

"दमलंय लेकरू," ताई आतून म्हणाली. "लोसा, तुझ्या नवऱ्याला विचार, अजून एकही पाऊल टाकलं नाही ना यानं?"

लोसानं दारातून मान काढली. "वन्सं विचारतायत, एकही नाही ना?"

सिओसायानं कुऱ्हाड जवळ ओढली. "ताईला सांग... भट्टीसाठी लाकडं फोडायला हवीत."

"वन्सं, ते लाकडं फोडतायत."

"ते ऐकलं मी. पावलाचं काय?"

"पावलाचं काय विचारतायत."

"सांग, लाकडं ओली आहेत."

आत ताई सोडलेल्या चटईची घडी घालत राहिली.

रविवारी सकाळी जमिनीतली भट्टी लावून सगळे देवळात गेले. त्या दिवशीचं प्रवचन कालोलाईनचं होतं. राजधानीहून आलेली प्रवचनकार, बाकं गच्च भरलेली. ती हळू आवाजात सुरू झाली आणि बोलता बोलता आवाज गाण्यावर कधी चढला ते कळलंच नाही. एकेक वाक्य लाटेसारखं उचलायची, वर नेऊन धरायची, आणि बाकांवरून "मालिए! मालिए!" अशी दाद यायची. म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. असं प्रवचन ऐकताना माणसाला आपली सगळी पापं आठवतात. सिओसायाला एकच आठवत होतं.

"देव आपल्यापुढे उभा असतो!" ताईनं बाहू पसरले. "आईसारखा! हात पसरून! आणि म्हणतो, लेकरा, भिऊ नको, ये! पडलास तर मी आहे! ये!"

दारातून तपकिरी पिल्लू आलं.

मिसी लोसाच्या मांडीवर, देवळासाठी म्हणून पुन्हा त्याच चटईत गुंडाळलेला, हातात सुरणाचा तुकडा. पिल्लानं बाकाखालून तोंड वर काढलं आणि तुकडा पळवला. लोसा सांगते, तिला फक्त एक हिसका जाणवला. खाली पाहिलं तर मांडीवर चटई जशीच्या तशी उभी, आत मूल नाही.

मिसी मधल्या वाटेनं निघाला होता. आणि निघाला म्हणजे चालला नाही, पळाला. पिल्लू डावीकडे वळलं, तोही वळला. पिल्लानं धर्मगुरूंच्या खुर्चीला फेरा घातला, त्यानंही घातला, वळणावर खुर्चीचा पाय धरून. "मालिए!" कोणीतरी ओरडलं. पिल्लू कालोलाईनच्या झग्याखाली शिरलं, आणि मिसीनं दोन्ही मुठींत तिचा झगा पकडला.

देऊळ टाळ्यांनी दुमदुमलं. कालोलाईन मात्र खाली वाकून बघत होती.

"पहिल्या पावलाला," ती सावकाश म्हणाली, "कोणी वळणावर खुर्ची धरत नाही."

टाळ्या थांबल्या. सिओसाया उभा राहिला. पुढचं बाक धरून. पोरानं खुर्ची धरली होती तसं.

"ताई, बुधवारी चालला तो. चार पावलं. मी शब्द दिला होता, मग त्याला चटईत बांधलं. आम्ही घरभर रांगलोसुद्धा."

"म्हणजे ती सुई?" धर्मगुरूंची बायको ओरडली. "पण सुई तर सापडली होती!"

कालोलाईननं ओठ दाबून हसू आवरलं. भावाशी थट्टा करता येत नाही, म्हणून ती सगळ्या मंडळींकडे वळली. "माझ्या भावाला कोणीतरी सांगा. तेहतीस वर्षांपूर्वी मी नऊ वर्षांची होते. आई बाजारात, बाबा शेतावर. आणि एक पोरगं उठून डुकरामागे चालू लागलं. बाबांनी सगळ्या गायकांना सांगून ठेवलं होतं की पहिलं पाऊल तेच बघणार. म्हणून मी त्या पोराला पाच दिवस चटईत बांधून ठेवलं. याच चटईत. काल मिसीच्या अंगावर ती पाहिली तेव्हाच ओळखली. तालमीच्या दिवशी गाठ सोडली."

पहिल्या बाकावरून आजोबा ताडकन उठले. "कालो! तो तालात चालला होता!"

"पाच दिवस सराव झाला होता बाबा."

एवढा हशा त्या देवळात कधी पिकला नव्हता. धर्मगुरूंनी पुस्तकाआड तोंड लपवलं. बिचारे आजोबा हात वर करून उभेच. तेहतीस वर्षांची गोष्ट हातातून गेली. मग हात वर आहेच तर काहीतरी करावं म्हणून त्यांनी स्तोत्राची खूण केली, आणि गायक जसे हसत होते तसेच गायला लागले. दुसऱ्या कडव्याला मिसीनं आत्याचा झगा सोडला आणि डुलत डुलत आजोबांकडे गेला. सोमवारच्या मेजवानीपर्यंत आजोबांच्या या नव्या गोष्टीत नऊ पावलं झाली होती.

त्या सोमवारी, केक आत्यापुढे जाण्याआधी, ती अंगणात आली. सिओसाया भट्टीवरची माती उकरत होता. दोघांच्या मधोमध लोसा.

"लोसा, त्याला विचार, ती चार पावलं पडली कुठे?"

सिओसाया उठला. झाडाखाली गेला आणि एकेक करवंटी उचलली. चारही पावलं तशीच होती, अंगठ्यांसकट, मधूनमधून पिल्लाच्या खुरांचे ठसे.

कालोलाईन मातीत गुडघ्यांवर बसली, रेशमी झग्याची पर्वा न करता. पहिल्या पावलावर तिनं तळवा ठेवला, पाऊल अख्खं हातात मावलं.

"त्याला सांग," ती शेवटी म्हणाली, आवाज नेहमीपेक्षा खूपच लहान, "चाळीस बायकांना मी सांगेन, हातात पडलं म्हणून." मग नाक ओढून तिनं विचारलं, "आणि त्या घमेल्याखाली काय आहे?"

"लोसा, ताईला सांग," सिओसाया म्हणाला, "पाचव्याला तो बसला."