भर दुपारचा अडसर

मित्रांनो, मी एक जुना अडसर आहे आणि आजही भिंतीत अडकलेलाच आहे.

आता घरोघरी लोखंडी कड्या आल्या, म्हणून सांगतो. अडसर म्हणजे दाराच्या आतून आडवा लावायचा लाकडी दांडा. मी ऐनाच्या लाकडाचा. लांज्याच्या पुढे आतल्या गावात माझे धनी भिकाजीबाबा यांच्या वडिलांनी चिऱ्याचं घर बांधलं, तेव्हा भिंत रचतानाच सुताराने मला तिच्यात घातलं. दिवसा मी भिंतीतल्या भोकात सरकून बसायचं, तिन्हीसांजेला बाहेर येऊन दार अडवायचं, एवढंच माझं काम. भिंत पाडल्याशिवाय मला कोणी घराबाहेर नेऊ शकत नाही. बाहेरून कोणी मला लावूही शकत नाही आणि काढूही शकत नाही. त्यासाठी आत माणूस लागतो.

तरुणपणी माझा मान होता. एकदा बिबट्या ओटीवर येऊन दाराला अंग घासून गेला. सकाळी भिकाजीबाबांच्या पत्नी गोदूबाई यांनी मला तेल चोळलं आणि शेजारणीला सांगितलं, "ह्यो होता म्हनून आमी हाव." पुढे वीज आली, भीती गेली. मला लागलेली वाळवी कोणी पाहिली नाही. दिवसा तर माझी आठवणही कोणाला नसे. दार उघडं असे आणि कोंबड्या खुशाल माजघरापर्यंत जात.

भिकाजीबाबांना मूलबाळ नव्हतं. वय झालं, तेव्हा त्यांनी घर आणि आंब्याच्या कलमांची बाग पुतण्याला, दर्शनला, द्यायचं ठरवलं. तो मुंबईला नोकरीला होता. दस्त लिहिणारे गृहस्थ ओटीवर बसून म्हणाले, "मृत्युपत्र करा. ते तुमच्या पश्चात लागू होईल. जिवंत आहात तोवर सगळं तुमचंच."

गोदूबाईंनी कानांवर हात ठेवले. "गनपतीच्या घरात मरनाचा कागद? भादव्यात देव हितंच बसतो. दान म्हना, बक्षीस म्हना, पन त्ये नाव नको."

मग बक्षीसपत्र झालं. दर्शन काका-काकूंना शेवटपर्यंत सांभाळील, अशी अट त्यात लिहिली होती. दर्शनने दोघांच्या पाया पडून पेढे वाटले. घर त्याच दिवशी त्याचं झालं, हे मात्र नवरा-बायकोच्या मनात पूर्ण उतरलं नव्हतं. ते आपले पूर्वीसारखेच राहत होते.

गोदूबाई गेल्या. वर्षश्राद्ध झालं आणि दर्शन एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. टेप लावून खोल्या मोजल्या गेल्या. "काका, तुमच्यासाठी एक आश्रम बघितलाय, छान आहे," असं तो म्हणाला. दर्शनच्या पुढच्या खेपेला बाबा गिरणीवर दळण घेऊन गेले होते. परत आले तर दाराला बाहेरून नवंकोरं कुलूप. पिठाचा डबा मांडीवर घेऊन ते आपल्याच ओटीवर पाहुण्यासारखे बसून राहिले. गावकऱ्यांनी दर्शनला गाठून कुलूप काढायला लावलं.

त्या दिवसापासून भिकाजीबाबा मला दिवसाही लावू लागले. भर दुपारी, बाहेर ऊन लख्ख असताना, आत दिवा लावून बसायचे.

सरपंच राजश्रीताईंनी खिडकीतून त्यांना समजावलं. "आजोबा, म्हाताऱ्यांसाठी कायदा आहे. सांभाळायची अट घालून दिलेलं घर, सांभाळलं नाही तर परत मिळू शकतं. प्रांत अधिकाऱ्यांकडे अर्ज करूया." अर्ज झाला, तारीख लागली. पण प्रांतांच्या कचेरीत जायचं म्हणजे घराबाहेर पडायचं, आणि बाहेर पडलं की कुलूप! बाबांनी पिशवी भरली, दाराशी आले, माझ्यावर हात ठेवला आणि परत फिरले. पुढच्या तारखेलाही तेच झालं. आता आले नाहीत तर अर्ज फेटाळला जाईल, असा निरोप आला. मित्रांनो, ज्याला राखायचं त्यालाच मी कोंडून ठेवलं होतं.

तेव्हा शेजारच्या गंगुबाई सुपात तांदूळ घेऊन आल्या. "तुमी जावा भावजी. अडसराला आत मानूस लागतो ना? मी हाय आत."

बाबा एस.टी.ने गेले. गंगुबाईंनी मला लावलं आणि तांदूळ निवडत बसल्या. उन्हं चढल्यावर दार वाजलं.

"काका, उघडा."

"काका नाय, मी गंगू."

"काकी, तुम्ही आत कशा? हे घर माझ्या नावावर आहे."

"आसंल. मग त्या नावालाच सांग दार उघडायला."

बाहेर त्याच्याबरोबर आलेलं गिऱ्हाईक फिसकन हसलं. दर्शनने दाराला लाथ मारली. वाळवीने पोखरलेली माझी बाजू करकरली. मला वाटलं, मोडलोच.

"पोलिसांना बोलवीन!"

"बोलाव मेल्या. येताना दूध घिऊन ये. त्यांना चाय करतंय."

मग दर्शनचा आवाज खाली आला. "काकी, माझं लग्न अडलंय हो. मुंबईत खोली घ्यायला पैसे नाहीत."

गंगुबाईंचा हात सुपात थांबला. "मग काकापाशी बसून तसं बोलायचं व्हतंस, बाबा. कुलूप कशाला आनलंस?"

बाहेर पावलं वाजली आणि पाणंदीच्या वाटेने विरून गेली.

यथावकाश निकाल लागला. बक्षीसपत्र रद्द झालं, घर पुन्हा भिकाजीबाबांच्या नावावर आलं. बाबांनी मग मृत्युपत्रही करून घेतलं. त्या नावाची भीती त्यांना आता उरलेली नाही.

पण मी अजून दुपारी दारालाच आहे. कागद फिरला, हाताची सवय फिरली नाही. परवा ओटीवर कोणाची तरी सावली आली. "काका, मी दर्शन. आत येत नाही, इथंच बसतो." बाबा उठले, माझ्यावर हात ठेवला. बराच वेळ तो तिथेच राहिला, पण त्याने मला सरकवलं नाही. शेवटी सावली निघून गेली.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना सांगा, देण्याचा कागद करायच्या आधी तो काय सांगतो ते नीट विचारून घ्या. मरणाच्या नावाला भिऊन जगण्याची जागा देऊन टाकू नका. आणि कधी तुमचा एखादा म्हातारा माणूस भर दुपारी दार लावून बसलेला दिसला, तर दार ढकलू नका. ओटीवर बसा. उद्या पुन्हा या, परवाही या. मला बाहेरून कोणी काढू शकत नाही. तो हात आतूनच यावा लागतो.