चौकटीबाहेरचे हात

जेवणाच्या टेबलाशी सगळे एकदम हसतात आणि एक माणूस प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहतो. भुवया उंचावून विचारतो, काय झालं? आपण हातानेच सांगतो, काही नाही, नंतर सांगतो. ते नंतर कधी येत नाही. ज्यांच्या घरात कर्णबधिर माणूस आहे, त्या वाचकांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. ही गोष्ट अशाच एका घराची आहे. नवल एवढंच, की त्या घरातली मुलगी दुर्लक्षित माणसांवर माहितीपट करण्यासाठीच ओळखली जात होती.

तिचे काका म्हणजे वडिलांचे पाठचे भाऊ. लहानपणी तापात त्यांची ऐकण्याची शक्ती गेली. निवासी शाळेत ते खुणांची भाषा शिकले आणि ती घेऊन घरी परतले. घरात ती कुणालाच येत नव्हती, आणि शिकायचं कुणाच्या मनातही आलं नाही. जेव, झोप, पाहुणे आलेत, दिवा घालव, अशा चार खुणांवर घराने त्यांच्याबरोबर सगळं आयुष्य भागवलं. काका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होते. संध्याकाळी घरी आले की बोटांना सरसाचा वास यायचा. स्वभावाने अगदी गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं घरातले सगळे कौतुकाने सांगत. न भांडणारा माणूस घराला सोयीचाच असतो.

मुलीने तोवर खाणकामगारांवर, रात्रपाळीच्या आयांवर, धरणाखाली गेलेल्या वस्तीवर चित्रपट केले होते. कॅमेरा स्वतःचा, पैसे जमतील तसे. एकदा तिच्या मनात आलं, आपण जगाच्या घरांत डोकावतो, आपल्या घराचं काय? बाबा आता थकले होते. त्यांच्या आठवणी टिपून ठेवायला हव्यात, म्हणून तिने घरावरच चित्रपट करायला घेतला.

बाबा भरभरून बोलले. आईनेही आढेवेढे घेत घेत बरंच सांगितलं. मग एका दुपारी तिने काकांच्या खोलीत कॅमेरा लावला. पुस्तक शिवताना त्यांना टिपायचं, एवढीच तिची कल्पना होती. पण काकांनी सुई-दोरा बाजूला ठेवला, कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं आणि हातांनी बोलायला सुरुवात केली. थांबेचनात. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण तो चेहरा, ते डोळे! असं दृश्य पुन्हा मिळायचं नाही, हे तिच्या सरावलेल्या नजरेने ओळखलं. ती हळूहळू कॅमेरा जवळ नेत राहिली. हात मागे पडले, खांदे मागे पडले, पडदाभर फक्त चेहरा उरला. तोंडाने ती हं हं करत मान डोलवत होती. शेवटी काकांनी डोळे पुसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. आपलं चित्रण झालं म्हणून खूश झालेत, असं तिला वाटलं.

हिवाळा सरता सरता काका झोपेतच गेले.

चित्रपट पूर्ण झाला तेव्हा त्यात काकांचे हलते हात आणि मग तो चेहरा थोडाच वेळ दिसत होता, आणि त्यावर व्हायोलिनचे करुण सूर होते. एका ग्रंथालयाच्या सभागृहात पहिला खेळ झाला. लोकांचे डोळे पाणावले, टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एक मध्यमवयीन बाई उठल्या. त्या कर्णबधिरांच्या शाळेत शिक्षिका होत्या.

"काम मनापासून केलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांच्या बोलण्याखाली मजकूर दिलात. काकांच्याच बोलण्याखाली का नाही?"

"काकांना बोलता येत नव्हतं."

"अहो, ते बोलतच होते. तुम्ही त्यावर व्हायोलिन वाजवलंत."

मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. पहिल्या रांगेत बसलेले बाबा मागे वळून त्या बाईंकडे बघत राहिले.

पुढच्याच आठवड्यात तिने बाईंना आपल्या संकलनाच्या खोलीत बोलावलं. सगळं मूळ चित्रण त्यांच्यापुढे ठेवलं. बाबांनी हट्टच धरला, मीही येणार. मुलीने चित्रण सुरू केलं, आणि बाई काकांचे हात वाचून ते शब्दांत सांगू लागल्या.

काका म्हणत होते, तू विचारलंस म्हणून सांगतो, या घरात मला कधी कुणी काही विचारलं नाही. पहिलं पुस्तक बांधलं तेव्हा ते रात्री उशाशी घेऊन झोपलो होतो, असं त्यांनी सांगितलं. कारखान्यातल्या मुकादमाची चाल करून दाखवली, तेव्हा बाईंनाही हसू आलं. काका नकला करायचे, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

मग बाईंचा आवाज संथ झाला. "शाळेत माझ्याबरोबर एक मुलगी होती. शिवणकाम शिकायची. आम्ही लग्न करायचं ठरवलं होतं. तिचे वडील आपल्या घरी आले. दादा त्यांच्याशी दारातच बोलला. म्हणाला, दोन बहिऱ्यांचा संसार कोण निस्तरणार? मी आतल्या खिडकीतून त्याचे ओठ वाचले. मग दादा आत आला आणि मला खूण केली, घर चुकून आले होते."

बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"त्यानंतर मी..." बाई थांबल्या.

"पुढे?" मुलीने विचारलं.

"पुढे हात दिसत नाहीत."

पडद्यावर चेहराच होता. भुवया हलत होत्या, ओठ आवळले जात होते. काका बोलत होते, आणि काय, ते कुणालाच कळणार नव्हतं. एकदाच हात वर आला. बाईंनी चित्र थांबवून पुन्हा पुन्हा बघितलं.

"राग हा शब्द आहे," त्या म्हणाल्या. "राग आहे म्हणाले की राग नाही म्हणाले, ते खाली राहिलं."

मग बाबा पुटपुटले, "मला वाटलं, त्याला काही कळलं नाही. त्याच्या भल्यासाठीच..."

बाई त्यांना टाकून बोलल्या नाहीत. पण पाठीशीही घातलं नाही. "ऐकू येत नाही हे त्यांचं खरं दुःख नव्हतं," त्या म्हणाल्या. "बोलणाऱ्या माणसांनी भरलेल्या घरात कुणी आपल्याशी बोलत नाही, हे होतं. ते एक अख्खी भाषा शिकले, ओठ वाचायला शिकले, तुमच्या त्या चार खुणाही शिकले. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांची एक भाषा शिकायची होती."

मुलगी मान खाली घालून ऐकत होती. कॅमेरा रोखला की आपण माणसाचं ऐकलं, असं ती इतकी वर्षं समजत आली होती.

तिने चित्रपट पुन्हा बांधला. व्हायोलिन काढून टाकलं. काकांचं बोलणं पूर्ण ठेवलं, खाली बाईंचे शब्द दिले. जिथे हात नव्हते, तो लांबलचक भागही तिने कापला नाही. तिथे खाली लिहिलं: 'इथे ते बोलत आहेत. त्यांचे हात आम्ही चौकटीत घेतले नाहीत.' बाबांचं नाव खराब होऊ नये म्हणून आईने दारातला प्रसंग गाळायला सुचवलं. बाबाच म्हणाले, "तो राहू दे."

बाबा बाईंच्या वर्गालाही जाऊ लागले. बोटं आखडलेली, वळता वळत नसत. एकदा 'मला आनंद झाला' म्हणायला गेले आणि 'मला खाज सुटली' म्हणून बसले. वर्ग खळखळून हसला, तेही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. घरच्या टेबलाशी हेच हसू त्यांच्या भावाला हवं होतं.

चित्रपटाचा पुढचा खेळ कर्णबधिरांच्या शाळेत झाला. काकांचे मित्र आले होते, त्यांच्यात एक पांढऱ्या केसांच्या बाईही होत्या, स्वतःच्या लेकीचा हात धरून आलेल्या. त्याच त्या शिवणकाम करणाऱ्या. खेळ संपल्यावर बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले. घोकून आणलेली वाक्यं आखडलेल्या बोटांनी सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे बघून घेतलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. बाबांनी तसं मागितलंही नाही. भावाला तुम्ही काय म्हणून हाक मारायचा, एवढंच त्यांनी शिक्षिकेमार्फत विचारलं. बाबांनी कधी हाकच मारली नव्हती. न ऐकणाऱ्याला हाक कोण मारतं? खांद्याला हात लावायचा, झालं.

मग पांढऱ्या केसांच्या त्या बाईंनी मित्रांनी काकांना दिलेलं खुणेतलं नाव दाखवलं. दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवायचे आणि हलकेच दाबायचे, नवं पुस्तक दाबून बसवतात तसे. बाबांनी करून बघितलं. त्यांनी बाबांचा अंगठा धरून नीट वळवला. बाबांनी पुन्हा केलं. भावाला त्यांनी जन्मात पहिल्यांदा नावाने हाक मारली, आणि ती बघायला भाऊ नव्हता.

वाचकहो, ज्याला आपण मुका म्हणतो, त्याची भाषा आपल्याला येत नाही, बहुतेक वेळा खरं एवढंच असतं. तुमच्या घरात असं माणूस असेल, तर त्याच्यासमोर बसा आणि शिका. चुकाल. त्याला हसू येईल, पण ते माणूस स्वतःच्या हाताने तुमची चूक दुरुस्त करील. ते गेल्यावर मात्र त्यासाठी परक्यांचे हात शोधावे लागतात.