माउसच्या पोटातला दिवा

आई गेल्यावर तिच्या खोलीतला लॅपटॉप धाकट्या लेकीने आपल्या कामाला घेतला. तिचा स्वतःचा बिघडला होता आणि पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल प्रयोगशाळेला वेळेवर हवे होते. लॅपटॉप उचलून बाहेरच्या टेबलावर नेता आला असता. पण पलंगाशेजारचं स्टूल, त्यावरून आलेली माउसची वायर, माउसखाली घडी घालून ठेवलेली चादर, हे सगळं तिला हलवावंसं वाटेना. ती पलंगाच्या कडेला बसूनच काम करू लागली.

पहिल्याच दिवशी माउस त्रास देऊ लागला. नमुन्याचे आकडे वाचून होईपर्यंत तिचा हात थांबलेला असे. मग क्लिक केलं की काहीच होत नसे. दुसऱ्यांदा केलं की होई.

"तुझ्या माउसला भूत लागलंय," नवरा दारातून म्हणाला. मग आपण कुठल्या खोलीच्या दारात उभे आहोत हे आठवून ओशाळला. "नवा आणतो ना."

"नको. आधी कारण कळू दे."

तिने एका वेळी एकच गोष्ट बदलली. वायर दुसऱ्या खाचेत लावली, फरक नाही. नवऱ्याचा माउस जोडला. तोही तसाच वागला. आईचा माउस नवऱ्याच्या संगणकाला लावला. तिथे तो अगदी शहाण्यासारखा चालला. म्हणजे दोष माउसचा नव्हता. मग तो परत जागेवर ठेवून ती हात मांडीवर घेऊन नुसती बघत बसली.

माउसच्या पोटातला लाल दिवा चादरीच्या घडीवर पडला होता. थोड्या वेळाने तो विझला. तिने बटण दाबलं. दिवा लागला, पडद्यावर काही हललं नाही. तिने पुन्हा दाबलं, आणि अहवाल उघडला.

"अगं, एवढंच होय!" नवऱ्याने वाकून पाहिलं. "वीज वाचवायला लॅपटॉप माउसला झोपवतोय. पहिला क्लिक त्याला उठवण्यातच जातो, तो मोजलाच जात नाही." त्याने सेटिंग उघडलं. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला संगणकाला परवानगी, असं लिहिलेल्या ओळीपुढची खूण काढून टाकली. "घ्या बाईसाहेब. आता नाही झोपणार."

धाकटीचा हात चादरीच्या घडीवर होता.

"ही खूण आईच्या वेळीही होती?" तिने विचारलं.

नवरा पडद्याकडे बघत राहिला. "असेल," तो हळूच म्हणाला. "मी त्या खुणेला कधी हात लावला नव्हता."

आईची वाचा आणि सगळं अंग गेलं होतं. उरलं होतं ते उजव्या हाताचं एक बोट. धाकटीच्या नवऱ्यानेच तेव्हा डोकं चालवून तिच्या हाताखाली माउस ठेवला होता. एकदा दाबलं की लॅपटॉपमधून एक टिंग. एक टिंग म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. सगळ्यांनी दाबून दाबून पाहिलं होतं आणि एकदाही चूक झाली नव्हती, कारण ते सगळे मध्ये न थांबता लागोपाठ दाबत होते. आईला मात्र प्रश्न ऐकून बोटात बळ आणायला वेळ लागे. तोवर माउस झोपलेला असे.

म्हणजे आईचं 'हो' कुणाला ऐकूच आलं नव्हतं. आणि तिचं 'नाही' ऐकू आलं होतं ते 'हो' म्हणून.

धाकटीला एकेक आठवू लागलं. "आई, दूध देऊ?" शांतता. "रुसलीय," असं म्हणून पेला परत नेला जायचा. "खिडकी लावून घेऊ?" टिंग. खिडकी लावली जायची आणि आई बंद काचेकडे बघत पडून राहायची. काही वेळा माउस जागाही असणार, तेव्हाची उत्तरं खरी. कुठली खरी आणि कुठली उलटी, हे आता कशावरून ठरवायचं?

आणि मग ताई आठवली.

ताईने फार वर्षांपूर्वी घर सोडलं होतं. तेव्हा उंबऱ्यात उभं राहून तिने विचारलं होतं, "जाऊ का?" आणि आई रागाच्या भरात म्हणाली होती, "जा." आई अंथरुणाला खिळल्याचं कळल्यावर ती आली. संध्याकाळभर पलंगाशी बसली. शेवटी तिने तोच प्रश्न विचारला. एक टिंग झालं. ताई बॅग उचलून धाकटीच्या समोरून निघून गेली. "तिनेच सांगितलं," एवढंच म्हणाली. त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. ताई शेवटचं दर्शन घ्यायलाही दारापर्यंतच आली, या खोलीत तिने पाऊल टाकलं नाही.

"सांगू नकोस तिला," नवरा म्हणाला. "काय मिळणार सांगून? आणि माउस तेव्हा झोपलेलाच होता, हे तरी कशावरून?"

"तेच विचारायचंय."

तिने फोन लावला.

"ताई, त्या संध्याकाळी तू आईला विचारलंस, तेव्हा माउसचा दिवा लागलेला होता की विझलेला?"

"हे काय गं भलतंच? प्रयोगशाळेतून बोलतेयस का?"

"सांग ना."



"विझलेला. खोलीत अंधार झाला होता, उठून बत्ती लावावीशी वाटली नव्हती. मी म्हटलं, आई, जाऊ का मी? आणि तिची बोटं लाल झाली. खालून, निखाऱ्यावर धरल्यासारखी. मग टिंग झालं." ताईचा आवाज बारीक झाला. "अजून डोळे मिटले की ती बोटं दिसतात. वाटलं, काय हा राग! मेल्यावर तरी जाईल का?"

"ताई, तू ये."

"त्या खोलीत नाही येणार मी."

"त्याच खोलीत ये."

ताई आली. चपला काढायला तिला वेळ लागला. खोलीच्या दारात थबकली, पण आत आली आणि पलंगावर बसली. धाकटीने सेटिंग उघडून ती खूण पुन्हा लावली, टिंग वाजवणारा प्रोग्राम चालू केला आणि ताईचा हात आईच्या हाताच्या जागी, माउसवर ठेवला.

"मी विचारीन. मनातून 'नाही' म्हणायचंय असं समज. दोनदा दाब. पण लगेच नाही."

दोघी दिवा विझायची वाट बघत राहिल्या. धाकटीने पडदा ओढून घेतला होता. चादरीवरचा लाल ठिपका होता तोवर तेवढाच दिसत होता. मग तोही गेला.

"आई," धाकटी म्हणाली, "जाऊ का मी?"

ताईने दाबलं. तिची बोटं खालून लाल झाली. आवाज आला नाही. तिने दुसऱ्यांदा दाबलं.

टिंग.

ताई आपल्याच बोटांकडे बघत होती. "दोनदा दाबलं मी," ती म्हणाली. "तू बघितलंस ना? मी दोनदा दाबलं."

"हो."

"आणि मी उठले. मागे वळूनही पाहिलं नाही."

तिने पुन्हा दाबलं. आता माउस जागा होता. टिंग टिंग. जरा थांबून पुन्हा, टिंग टिंग. धाकटीने हा आवाज त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून ऐकला होता, ताईच्या मागे फाटक लागल्यावर. ती धावत आली होती. "आई, कुठे दुखतंय का?" टिंग टिंग. "पाणी हवंय?" टिंग टिंग. "कूस बदलू?" टिंग टिंग. एवढं बळ आईच्या बोटात कुठून आलं होतं, कुणालाच कळलं नव्हतं. शेवटी तिला झोप लागावी म्हणून धाकटीनेच हाताखालून माउस काढून घेतला होता.

धाकटीचा हात आपसूक माउसकडे गेला. मग तिने तो मागे घेतला आणि ताईच्या शेजारी बसून राहिली.

टिंग टिंग.