घोड्यासारखा पारखलेला कॉम्प्युटर

मी कॉम्प्युटर बोलतोय. साधासुधा नव्हे, काचेच्या अंगाचा, सात रंगांच्या दिव्यांचा. ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी भागात, मानसिंगरावांच्या बैठकीत, भिंतीवरच्या तलवारीखाली माझा मुक्काम असतो. येणारा-जाणारा आधी माझ्याकडे बघतो, मग यजमानांकडे. काम मात्र मला कुणी सांगत नाही. का, ते ऐकाच.

मला जुळवलं जयेंद्रगंजातल्या एका दुकानात, मोहितने. मी दिसायला देखणा आणि आतून बेताचा, म्हणून त्याने मला दर्शनी ठेवलं. शेजारी एक करडा खोका होता. काच नाही, दिवे नाहीत. चालू आहे की बंद, तेही कळायचं नाही. मी मनसोक्त हसायचो त्याला.

दसऱ्याच्या सकाळी मानसिंगराव दुकानात आले. त्यांची पुतणी निवेदिता कॉम्प्युटरवर यंत्रांचे आराखडे काढते. काकू गेल्या, काका एकटे पडले, म्हणून ती नोएडातली नोकरी सोडून ग्वाल्हेरला परतली होती. मालनपूरच्या एका कारखान्याने तिला पहिलंच स्वतंत्र काम दिलं होतं. ते जमलं तर ती इथे राहणार, नाही जमलं तर परत नोएडा. दसऱ्याला कारखान्यातली यंत्रं बंद असतात, म्हणून ती मापं घ्यायला तिकडे गेलेली. मुहूर्त चुकू नये म्हणून काका एकटेच आले होते, कसा कॉम्प्युटर हवा ते तिने लिहून दिलेली चिठ्ठी खिशात घेऊन.

आता या घराण्याकडे एके काळी फौजेसाठी घोडे पारखायचं काम होतं. मानसिंगरावांनी स्वतः स्कूटरपलीकडे काही हाकलेलं नाही, पण पारख रक्तात असते असं त्यांचं ठाम मत. त्यांनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागून वाकून पाहिलं, पाठीवर थाप मारली. मोहितला मला चालू करायला लावलं. माझे पंखे घोंगावू लागले, तसा त्यांनी कान लावला.

"वा! दम आहे जनावरात."

मोहितने करड्या खोक्याकडे बोट केलं. "अंकल, डिझाइन के काम के लिए तो वो सही रहेगा. दीदी ने कुछ लिखके दिया है क्या?"

काकांचा हात खिशाकडे गेला आणि तसाच परत आला. चिठ्ठी वाचायची तर चष्मा लावावा लागणार, आणि चष्मा लावून घोडा कोण पारखतो?

"वो? उसकी तो साँस ही नहीं सुनाई देती," ते म्हणाले.

घरी आल्यावर मला शस्त्रांच्या पूजेत मांडलं. तलवारीशेजारी मी. हळदकुंकू, झेंडूचा हार, वर आपट्याची पानं. इतका मान माझ्या जातीत क्वचितच कुणाला मिळाला असेल.

निवेदिता आली आणि उंबऱ्यातच थबकली. "काका, ये क्या ले आए? मी लिहून दिलं होतं ना! ह्यात ढंगाचं ग्राफिक्स कार्ड पण नाहीये. चला, बदलून आणू."

"अगं, पूजा झालीये त्याची. पुजलेली वस्तू कुणी परत करतं का? आणि तुझ्यासाठी पारखून आणलाय."

काकांचा चेहरा इतका खुललेला होता, की तिने माझा हार उतरवला आणि मलाच कामाला लावलं.

यंत्राच्या सुट्या भागांची चित्रं मी तिला कशीबशी काढू दिली. काम सोमवारी सकाळी द्यायचं होतं. शनिवारी तिने ते दोन हजार भाग जोडायला घेतले. सामान वाहून नेणारा लांबलचक पट्टा होता तो. तिने चित्र जरासं फिरवलं आणि मी जागच्या जागी थिजलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थिजलो. दिवे मात्र सातही रंगांत नाचत होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. खरं सांगतो, मला लाज वाटली.

माझे पंखे जिवाच्या आकांताने ओरडू लागले, तसे काका कौतुकाने आत आले. "बघ, कसा दौडतोय!"

"काका, दम नाहीये हा, धाप लागलीये त्याला." तिने माउस बाजूला सारला. "मेरा काम गया. नोएडावाले अजून घ्यायला तयार आहेत मला. फोन करते त्यांना."

तिने माळ्यावरून बॅग काढली.  तशी काकांनी खिशातून चिठ्ठी काढली, घडीवर घडी पडलेली. चष्मा लावला.

"मी वाचलीच नव्हती गं," ते म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत थांब."

पुढचं मोहितने नंतर घरी आल्यावर निवेदिताला सांगितलं, ते मी ऐकलं. भर दुपारी काका दुकानात शिरले, ना फेरी मारली, ना थाप. चष्मा नाकावर ठेवून चिठ्ठी अक्षर न अक्षर वाचून दाखवली. "जो लिखा है, वही दो. दिखता कैसा है, मत बताओ."

आणि तो करडा खोका घरी आला! त्याने ते दोन हजार भाग एकत्र जोडून हवे तसे फिरवले, एक शब्द न बोलता. सोमवारी सकाळी काम कारखान्यात पोचलं. मंगळवारी तिथून दुसरं काम आलं. काकांनी स्वतः स्टुलावर चढून बॅग माळ्यावर ठेवली.

मला बैठकीत हलवलं. आता माझ्या पडद्यावर घराण्याचे जुने फोटो फिरतात. पाहुणे म्हणतात, "वा, काय मशीन आहे!" काका मान डोलावतात आणि विषय बदलतात.

वाचकहो, कॉम्प्युटर घ्यायला जाल, तेव्हा चष्मा घेऊन जा. ज्याला त्यावर राबायचंय, त्याची चिठ्ठी आधी वाचा. माझी तक्रार काही नाही. आतल्या खोलीत पोरगी काम करताना गुणगुणते, ते इथवर ऐकू येतं. त्या खोक्याचा आवाजच नाही ना, म्हणून.

दर दसऱ्याला मला हार मिळतो, वरच्या तलवारीलाही. तलवार पूर्वी एकदा तरी चालली होती, असं काका पाहुण्यांना सांगतात. माझ्याबद्दल ते काहीच बोलत नाहीत.