कुठलं भीमनगर?

मी एक जुना शब्द आहे. भीमनगर. इंग्रजी लिपीत माझी नऊ अक्षरं होतात आणि दहाव्या घरात शून्य असतं. शून्य दिसलं की वाचणारा संगणक थांबतो. सध्या मी वाशीतल्या एका कचेरीत, कपाटातल्या फ्लॉपीवर पडून आहे. फ्लॉपीला बुरशी लागली आहे म्हणतात. मला काही जाणवत नाही.

मित्रांनो, माझा जन्म सत्त्याऐंशीच्या दुष्काळातला. सहकारी संघाने नवा संगणक घेतला होता. संघाचे टँकर कुठल्या वस्तीवर जायचे, याची यादी तो रोज छापी. तो प्रोग्राम संघातल्या महारुद्रने सी या संगणकाच्या भाषेत लिहिला होता. आमच्या भागात बहुतेक गावांत बौद्ध वस्तीचं नाव भीमनगर. यादीतही दोन होती, एक वरच्या गावचं, एक खालच्या.

महारुद्रने दोन्हीकडे पॉइंटर वापरला. पॉइंटर म्हणजे नुसता पत्ता; अक्षरं राहतात दुसरीकडे. संगणक मोठा काटकसरी. सारखी अक्षरं दोनदा कशाला, म्हणून त्याने मला एकदाच ठेवलं. पत्ते दोन, घर एक. जागा वाचली म्हणून महारुद्रची पाठही थोपटली गेली.

मग वरच्या गावात बोअरला पाणी लागलं. तिथला टँकर थांबवायला महारुद्रने त्या नावावर 'बंद' लिहिणारी एक ओळ घातली. रोज सकाळी प्रोग्राम सुरू झाला की मी पूर्ण उभा राही आणि लगेच माझ्यावर 'बंद' बसे. इंग्रजी लिपीत चार अक्षरं आणि शून्य. मागे 'आगर' तेवढं उरे, पण शून्यापुढे कोण वाचतं? खालच्या गावचा पत्ताही माझ्याकडेच येई, तिथेही 'बंद' छापलं जाई. आठ दिवस मी तेच सांगत राहिलो.

नवव्या दिवशी खालच्या गावच्या प्रेमाबाई रिकामी घागर घेऊन कचेरीत आल्या.

"साहेब, आमचं पानी का बंद केलं?"

"तुमच्या भीमनगरात बोअर लागलाय न्हवं?" महारुद्र म्हणाला. "कागदावर बंदच हाय, मावशी."

"बोअर वरच्या गावाला लागला. नाव एक हाय म्हणून आड एक असतोय व्हय? सून ओली बाळंतीण हाय माझी. आठ दिस तिच्या अंगावर पानी न्हाय."

महारुद्रने आधी टँकर धाडला, मग पडद्यासमोर बसला. यादीच्या मथळ्याला पॉइंटरच ठेवला, कारण तो कधी बदलत नाही. दोन्ही भीमनगरांना मात्र अ‍ॅरे, म्हणजे सलग घरांची रांग, दिला. प्रत्येकाची दहा घरं वेगळी, अक्षरंही आपापली.

माझे दोन झाले. मी वरच्या गावचा. रोज सकाळी मी पुसला जाई आणि दुसरा खालच्या गावासाठी शाबूत छापला जाई. पुढे पाऊस झाला, यादी संपली आणि आम्ही दोघेही कपाटात आलो.

मित्रांनो, जे नाव नुसतं वाचायचं, त्याला पत्ता पुरतो. ज्याच्यावर लिहायचं, त्याला स्वतःची जागा द्या. आणि कुणाच्या नावावर 'बंद' लिहिण्याआधी त्या वस्तीत जाऊन विचारा, कुठलं भीमनगर? मला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. तेव्हा मी एकच होतो.